ग्रामपंचायतीने कर वाढवला तर परदेशी कंपनी देशावर दावा लावू शकते का? (पाटण तालुका)

पठारावरची सदस्य

नमस्कार. मी पाटण तालुक्यातल्या पठारावरच्या एका गावची ग्रामपंचायत सदस्य. ही माझी दुसरी टर्म. गावाचं नाव लिहीत नाही, पण सडावाघापूर, वनकुसवडे, चाळकेवाडी हा पट्टा ज्यांनी पाहिलाय त्यांना अंदाज येईल. मागच्या दारात उभं राहिलं की अकरा पवनचक्क्या मोजता येतात. सासऱ्यांच्या काळात या जागेला नुसता सडा म्हणत. वरी, नाचणी, गुरं आणि वारा. त्या वाऱ्याला कधी भाव येईल असं कुणाच्या मनातही नव्हतं.

गेल्या मासिक सभेत पवनचक्क्यांच्या करआकारणीचा विषय होता. नमुना आठमध्ये, म्हणजे ग्रामपंचायतीच्या करआकारणीच्या नोंदवहीत, त्यांच्यापुढे जो आकडा आहे तो कितीतरी वर्षं तसाच आहे. दरम्यान गेल्या उन्हाळ्यात एक पातं बदलायला मोठे ट्रेलर आले आणि आमचा साडेतीन किलोमीटरचा रस्ता उखडून गेला. पावसाळ्यात गरोदर बाईला डोलीतून खाली आणायची वेळ आली. म्हणून मीच सभेत म्हटलं की आकारणी नव्याने करू.

कंपनीचे साहेब सभेला आले होते. माणूस सभ्य, कधी आवाज चढवत नाही. चहा घेतला आणि म्हणाले, "आमची मालक कंपनी नेदरलँड्सची आहे. त्या देशाचा आणि भारताचा गुंतवणुकीचा करार आहे. तुम्ही कर वाढवला तर वरचे लोक तुमच्याकडे येणार नाहीत, थेट आंतरराष्ट्रीय लवादात जातील. व्होडाफोनवर कर लावून सरकारचं काय झालं ते शोधून बघा. उद्या दिल्लीहून विचारणा झाली तर ठरावावर सह्या तुमच्याच असणार."

सभागृह गप्प. सरपंचांनी विषय पुढच्या सभेवर ढकलला. घरी जाताना आमचे सगळ्यांत वयस्कर सदस्य, आम्ही त्यांना नाना म्हणतो, मला म्हणाले, "पोरी, आपल्या अंगठ्यानं देश अडचणीत यायला नको." नानांनी आयुष्यभर वाशीच्या मार्केटात माथाडी म्हणून पोती उचलली, कुणाला घाबरलेला माणूस नाही तो. त्यांच्या तोंडून हे ऐकलं आणि रात्रभर डोळा लागला नाही.

माझं शिक्षण बारावी. मला सरळ सांगा. असा करार खरंच असतो का? गावच्या ठरावावरून देशावर दावा लागू शकतो का? आणि लागलाच तर पैसे कोण भरतं? साहेबांचं बोलणं खरं असेल तर मी माघार घेईन, पण खरं आहे का ते आधी कळू दे.

कराड कोर्ट

ताई, नमस्कार. मी कराडला वकिली करतो. कामं बहुतेक जमिनीची आणि वाटपाची, पण एलएलएम करताना हाच विषय घेतला होता, म्हणून सविस्तर लिहितो. साहेब सगळंच खोटं बोललेले नाहीत, म्हणूनच सभागृह गप्प झालं.

असे करार असतात. पहिला झाला १९५९ मध्ये, पश्चिम जर्मनी आणि पाकिस्तान यांच्यात. त्या काळात एकेक देश स्वतंत्र होत होता आणि श्रीमंत देशांतल्या कंपन्यांना धास्ती होती की नवं सरकार खाण ताब्यात घेईल, कारखाना सरकारजमा करेल. मग मसुदे त्याच देशांनी लिहिले आणि भांडवलाची गरज असलेल्यांनी सह्या केल्या. कागदावर दोन्ही बाजू सारख्या असतात. 'दोन्ही देशांच्या गुंतवणूकदारांना संरक्षण' असंच लिहिलेलं असतं. पण पैसा एकाच बाजूने वाहत असेल तर संरक्षणही त्याच बाजूला मिळतं. आपण या रांगेत उशिरा आलो. १९९१ नंतर परदेशी भांडवल हवं झालं, १९९४ मध्ये ब्रिटनशी पहिला करार केला आणि मग ऐंशीच्या वर देशांशी केले. नेदरलँड्सचा १९९५चा.

यातली खरी मेख अशी. साधा तह मोडला तर एक देश दुसऱ्या देशाशी भांडतो. इथे कंपनी स्वतः देशावर दावा लावते. तीन लवाद बसतात, एक कंपनीने नेमलेला, एक देशाने, तिसरा अध्यक्ष म्हणून. निकालावर नेहमीसारखं अपील नाही. देशाला मात्र त्याच करारातून कंपनीवर दावा लावायची सोय जवळजवळ नसतेच. आणि करारातले शब्द इतके ढगळ की 'न्याय्य आणि समन्यायी वागणूक' म्हणजे काय, हे ते तिघं जण ठरवतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या नजरेत दिल्ली, मुंबई आणि तुमची ग्रामपंचायत हे सगळं एकच 'भारत'. गावाने केलं तरी देशाने केलं. याचं मोठं उदाहरण मेक्सिकोतलं आहे. सान लुईस पोतोसी राज्यात ग्वादालकासार नावाची नगरपालिका आहे. मेटलक्लॅड या अमेरिकन कंपनीने तिथे घातक कचरा पुरायची जागा बांधायला घेतली. केंद्राची परवानगी होती, राज्याची होती. लोकांचा विरोध होता. नगरपालिकेने बांधकाम परवाना नाकारला आणि पुढे राज्यपालांनी तो भाग संरक्षित म्हणून जाहीर केला. ऑगस्ट २००० मध्ये लवादाने मेक्सिकोला सुमारे १ कोटी ६७ लाख डॉलर भरायला सांगितले. पुढे कॅनडातल्या न्यायालयाने निकालाचा काही भाग काढून टाकला, तरी बहुतेक रक्कम कायम राहिली आणि ती मेक्सिकोच्या केंद्र सरकारने भरली. तेव्हा 'गावाचा काय संबंध' असं मी तुम्हाला म्हणणार नाही. संबंध येऊ शकतो. पण दावा देशावर लागतो, ठरावावर सही करणाऱ्या सदस्यावर नाही. तुमच्या सह्यांचं जे सांगितलं गेलं ते केवळ भीती घालायला होतं, आणि तेवढ्यापुरता मला साहेबांचा राग आला.

व्होडाफोनचं प्रकरण वेगळं आहे, ते नीट समजून घ्या. कंपनीने २००७ मध्ये हचिसनकडून भारतातला मोबाइल धंदा घेतला, तोही परदेशातल्या परदेशात. आयकर खात्याने कर मागितला. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा कर लागत नाही. त्यावर सरकारने त्याच वर्षी कायदाच बदलला आणि तो मागच्या तारखेपासून लागू केला. कंपनी नेदरलँड्सच्या कराराखाली लवादात गेली आणि सप्टेंबर २०२० मध्ये जिंकली. कर हा विषय करारात येतच नाही, हा सरकारचा बचाव टिकला नाही. तीन महिन्यांनी केर्न कंपनी याच मागच्या तारखेच्या करावरून ब्रिटनच्या कराराखाली जिंकली, १२० कोटी डॉलर. वसुलीसाठी २०२१ मध्ये पॅरिसमधल्या भारत सरकारच्या मालमत्तांवर टाच आली. मग ऑगस्टमध्ये संसदेने ती मागच्या तारखेची तरतूद मागे घेतली आणि केर्नला सुमारे ७,९०० कोटी रुपये परत गेले. इथे भांडण कर लावण्यावरून नव्हतं. मिटलेला व्यवहार उकरून मागून कर लावला, हे लवादाला खटकलं. तुम्ही पुढच्या वर्षाची आकारणी करताय.

सगळ्यांत महत्त्वाचं आता. या दाव्यांनी पोळल्यावर भारताने डिसेंबर २०१५ मध्ये कराराचा नवा नमुना मंजूर केला. त्यात कर वगळले, ते ढगळ शब्द काढले आणि आधी इथल्या न्यायालयात पाच वर्षं दाद मागा अशी अट घातली. आणि ताई, त्यात स्थानिक शासनाने केलेली कारवाईच कराराबाहेर ठेवली आहे. स्थानिक शासन म्हणजे कोण, तर नगरपालिका, महानगरपालिका आणि गावपातळीवरचं शासन, असं शब्दांत लिहिलंय. म्हणजे दिल्लीत बसून कुणीतरी नेमका तुमच्या सभागृहाचा विचार केला होता.

पण नमुना म्हणजे करार नव्हे. २०१६-१७ मध्ये भारताने पन्नासच्या वर देशांना जुने करार संपवायच्या नोटिसा दिल्या. नेदरलँड्सचा २०१६ मध्ये संपला. आता मेख अशी की करार संपण्याआधी आलेल्या गुंतवणुकीला त्यानंतरही १५ वर्षं संरक्षण राहतं, म्हणजे २०३१पर्यंत. त्यामुळे तुमचा सगळा प्रश्न एका तारखेवर येऊन थांबतो. त्या नेदरलँड्सच्या मालकाने तुमच्या पवनचक्क्या कधी घेतल्या? करार संपायच्या आधी की नंतर? हे शोधा आणि इथे लिहा.

तोवर आकारणी ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ आणि १९६०च्या कर व फी नियमांत बसवून करा. देशी मालकाच्या आणि परदेशी मालकाच्या पवनचक्कीला दर एकच ठेवा. हरकत मागवा, सुनावणी द्या, कारण ठरावात लिहा. कंपनीला पटलं नाही तर पंचायत समितीकडे अपील आहे, तिथे जाऊ दे.

पोफळीचा निवृत्त

मी वीज मंडळात होतो, पोफळीच्या वीजगृहात बरीच वर्षं काढली, आता कराडला राहतो. वकीलसाहेबांनी मेक्सिकोचं सांगितलं, मी आपल्या घरचं सांगतो.

कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने पोफळीला पडतं, वीज करतं आणि वाशिष्ठीला मिळतं. ती वाशिष्ठी चिपळूणवरून जाऊन दाभोळच्या खाडीत समुद्राला मिळते. त्या खाडीच्या तोंडाशी, गुहागर तालुक्यात, एन्रॉन या अमेरिकन कंपनीचा दाभोळ वीजप्रकल्प उभा राहिला. म्हणजे सातारा जिल्ह्यात अडवलेलं पाणी आम्ही स्वस्तात वीज करून सोडायचो आणि तेच पाणी शेवटी जिथे पोचायचं तिथे महाराष्ट्रातली सगळ्यांत महाग वीज तयार होत होती. पाळीवर असताना हे माझ्या मनात रोज यायचं.

१९९३च्या डिसेंबरात वीजखरेदीचा करार झाला. १९९५ मध्ये सरकार बदललं, करार रद्द झाला, पुन्हा बोलणी झाली, प्रकल्प उलट मोठा करून परत आला. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा चालू. दर कसा होता ते आम्हाला कळत होतं, कारण वीज कुठून किती घ्यायची याचे आदेश आमच्यापर्यंत येत. दाभोळची वीज घ्या किंवा न घ्या, यंत्र तयार ठेवल्याचे पैसे द्यायचेच. वीज कमी घेतली की तेच पैसे थोड्या युनिटांवर पडत, म्हणून काही महिन्यांत दर युनिटला सात रुपयांच्या वर गेला. इंधन नाफ्था, हिशेब डॉलरशी बांधलेला. मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणं बंद केलं. डिसेंबरात एन्रॉनच बुडाली. त्याच वर्षी राज्याने या व्यवहाराच्या तपासणीसाठी माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती.

लोक इथपर्यंतच लक्षात ठेवतात. पुढचं ऐका. एन्रॉनच्या जोडीला जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या दोन अमेरिकन कंपन्या भागीदार होत्या. अमेरिकेशी भारताचा असा गुंतवणूक करार नव्हता, आजही नाही. पण या दोघींचे शेअर मॉरिशसमधल्या कंपन्यांच्या नावावर होते आणि मॉरिशसशी १९९८ मध्ये करार झालेला होता. त्या आधारे त्यांनी भारत सरकारवर दावे लावले. २००५ मध्ये तडजोड होऊन पैसे देऊन ते मिटवले गेले. प्रकल्प सरकारी कंपन्यांनी नव्या नावाने चालवायला घेतला. अमेरिकेचं भांडवल, कोकणातली जमीन, आणि भांडण मॉरिशसच्या पत्त्यावरून.

माझं मत स्पष्ट आहे. मूळ वीजखरेदी करारच वाईट होता, तो लंडन किंवा हेगमध्ये कुणी आपल्यावर लादला नव्हता. आपल्याच लोकांनी सह्या केल्या आणि ज्यांनी केल्या त्यांच्या खिशातून काही गेलं नाही. पैसे गेले वीजबिल भरणाऱ्याच्या आणि कर भरणाऱ्याच्या खिशातून. ताई, तुम्ही विचारलंत पैसे कोण भरतं, त्याचं उत्तर हे.

आणि नानांना माझा नमस्कार सांगा.

वाळव्याचा ऊसकरी

वाळवा तालुका, साडेचार एकर ऊस. वकीलसाहेबांनी मेक्सिकोचं नाव काढलं म्हणून लिहितोय. तिथलंच आणखी एक प्रकरण आहे आणि ते आम्हा सांगलीकरांच्या जिव्हाळ्याचं आहे.

मेक्सिकोत आपल्यासारखाच ऊस, आपल्यासारखेच कर्जात बुडालेले कारखाने. सप्टेंबर २००१ मध्ये तिथल्या सरकारने २७ कारखाने ताब्यात घेतले, इतकी वाईट अवस्था होती. १९९४ मध्ये अमेरिकेशी मुक्त व्यापाराचा करार झाला होता. मेक्सिकोचं म्हणणं असं की आमची जादा साखर अमेरिका ठरल्याप्रमाणे घेत नाही आणि तिकडून मक्याचा गोड पाक मात्र आमच्याकडे येतो. थंड पेयांच्या कंपन्या साखर सोडून तो पाक वापरू लागल्या. तेव्हा मेक्सिकोच्या संसदेने २००२ पासून उसाच्या साखरेशिवाय दुसरं काही घालून गोड केलेल्या पेयांवर २० टक्के कर लावला. ऊसवाल्याला जगवण्यासाठी लावलेला कर.

पाक करणाऱ्या अमेरिकन कंपन्यांनी त्याच करारातल्या गुंतवणुकीच्या प्रकरणाखाली मेक्सिकोवर दावे लावले. आर्चर डॅनियल्स मिडलँड आणि टेट अँड लाइल यांना मिळून ३ कोटी ३५ लाख डॉलर मिळाले, २००७ मध्ये. कॉर्न प्रॉडक्ट्सला आणि कारगिललाही मिळाले, कारगिलचे ७ कोटी ७० लाखांच्या वर. 'अमेरिकेने शब्द मोडला म्हणून आम्ही हा कर लावला' हा मेक्सिकोचा बचाव तिन्हीकडे चालला नाही. कारण करामुळे परदेशी मालकाचा पाक बाजूला पडत होता आणि देशी साखर वाचत होती. हाच भेदभाव धरला.

मी हे वाचलं तेव्हा दोन दिवस अस्वस्थ होतो. आमच्या बाजूने उभं राहणारं सरकार असं मोजून पाडलं जातं, हे सहज गिळता येत नाही. पण तुमच्यासाठी त्यात कामाचं आहे ते वकीलसाहेबांनी आधीच सांगितलंय, दर सगळ्यांना एकच. मेक्सिको अडकला तो तिथेच.

एक गोष्ट वेगळी काढून ठेवतो, कारण आमच्याकडे पानपट्टीवर सगळे एकत्र करतात. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि ग्वातेमाला यांनी आपल्या एफआरपीवर, म्हणजे उसाला सरकारने ठरवलेल्या किमान दरावर, आणि साखर निर्यातीच्या अनुदानावर जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या समितीचा निकाल आपल्या विरोधात गेला, आपण अपील केलं. ते देश विरुद्ध देश असं आहे. कुठल्या कंपनीला त्यातून नुकसानभरपाई मिळत नाही. ताईंच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही.

सातारा एमआयडीसी

सगळे एका बाजूने बोलताय म्हणून लिहितो. माझं सातारा एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे, १४ कामगार. माझं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक जर्मन मालकीचं आहे. ते गेलं तर मला दोन महिन्यांत शटर ओढावं लागेल. परदेशी माणूस पैसा लावताना विचारतो, उद्या भांडण झालं तर मी कुठे जायचं? आपल्या कोर्टात तारखा पडतात ते तुम्हाला माहीत आहे, वकीलसाहेबांना तर आहेच.

व्हाइट इंडस्ट्रीज ही ऑस्ट्रेलियन कंपनी घ्या. १९८९ मध्ये कोल इंडियाशी करार करून तिने पिपरवारची कोळसा खाण उभारून दिली. पैशांवरून वाद झाला. २००२ मध्ये लवादाचा निवाडा तिच्या बाजूने लागला. त्यानंतर नऊ वर्षं आपल्या न्यायालयांत ते पैसे अडकून पडले. शेवटी २०११ मध्ये गुंतवणूक कराराखाली ती भारत सरकारविरुद्ध जिंकली. या प्रकरणात मला तरी कंपनीची चूक दिसत नाही. माझे पैसे नऊ वर्षं अडकले असते तर मी संपलो असतो.

आणि आपल्या कंपन्याही आता बाहेर जातात. फ्लेमिंगो या भारतीय कंपनीची वॉर्साच्या विमानतळावरची दुकानं काढून घेतली, तिने भारत-पोलंड कराराखाली दावा लावला आणि २०१६ मध्ये जिंकली. मग हे करार फक्त श्रीमंतांसाठी कसे?

कराड कोर्ट

तुमचा मुद्दा रास्त आहे. व्हाइटच्या प्रकरणात आपलीच बाजू पडकी होती, हे मी अशिलांनाही सांगतो. पण त्याच निकालात काय झालं तेही बघा. भारत-ऑस्ट्रेलिया करारात 'दाद मागण्याची परिणामकारक सोय' असं कलमच नव्हतं. लवादाने ते भारत-कुवेत करारातून उचललं, कारण आपण ऑस्ट्रेलियाला 'इतर कुणाला देऊ ते तुम्हालाही' असं वचन दिलं होतं. एकाला दिलेला शब्द असा सगळ्यांना लागू होतो. म्हणून २०१५च्या नमुन्यात ते वचनच काढलं.

भारतीय कंपन्या बाहेर जिंकतात तशा हरतातही. इंडियन मेटल्स या ओडिशातल्या कंपनीने इंडोनेशियावर कोळसा खाणीच्या परवान्यावरून दावा लावला होता, २०१९ मध्ये तो फेटाळला गेला. परवान्याच्या हद्दी आधी तपासायला हव्या होत्या असं म्हणून. तुमच्या जर्मन गिऱ्हाइकाबद्दल मी एवढंच म्हणेन की ते बाजार, पुरवठादार, वीज आणि कामगार बघून आलं असावं. ब्राझीलने या जुन्या पद्धतीचा एकही करार कधी अंमलात आणला नाही, तरी तिथे परदेशी भांडवल भरपूर जातं. दक्षिण आफ्रिकेनेही २०१२ नंतर युरोपीय देशांशी असलेले करार एकेक करून संपवले आणि घरचा कायदा केला. पण परदेशी माणसाला कसलीच हमी नको असं मी म्हणत नाही. आपलं कोर्ट वेळेत निकाल देईल तर ती हमी सगळ्यांत चांगली, आणि ती मग ताईंच्या गावालाही मिळेल. सध्या दाद मागायला गावाला पाटणचं कोर्ट आणि कंपनीला हेगमधला लवाद, यातली विषमता मला बोचते.

आपण तरी या नमुन्यावर किती ठाम आहोत? संयुक्त अरब अमिरातीशी २०२४ मध्ये जो करार झाला त्यात न्यायालयाची पाच वर्षांची अट तीनवर आली. २०२५च्या अर्थसंकल्पात तर नमुनाच गुंतवणूकदारांना सोयीचा करण्याची घोषणा झाली. त्या बदलात गावपातळीचं शासन कराराबाहेर राहील ना, यावर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं. आपले खासदार तिथे बसलेत, त्यांना पत्र लिहिता येतं.

ताई, तारीख मिळाली का?

पठारावरची सदस्य

मिळाली. आठ दिवस लागले, पण मिळाली.

आधी तलाठ्याकडे गेले, तिथे फक्त सातबारा आणि भाडेपट्ट्याची नोंद, तीही पहिल्या कंपनीच्या नावाने. मग ग्रामपंचायतीचं जुनं कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात आवक पत्रांच्या फायली, दोन वाळवीने खाल्लेल्या. तिसरीत सापडलं. २०१९चं पत्र आहे, कंपनीच्याच लेटरहेडवर. 'आमच्या प्रकल्पाची मालकी अमुक समूहाकडे हस्तांतरित झाली असून यापुढील सर्व बिले नवीन नावाने द्यावीत.' खाली सही याच साहेबांची. त्याआधीची मालक कंपनी मुंबईची, पूर्ण देशी, तिची बिलंही फाइलला आहेत.

वकीलदादा, तुम्ही सांगितलंत तसं मी कागदावर मांडून पाहिलं. करार संपला २०१६, यांनी घेतलं २०१९. मग ते १५ वर्षांचं संरक्षण यांना कसं लागेल? मला समजलं ते बरोबर आहे का? एवढं सांगा, म्हणजे नानांना दाखवते.

कराड कोर्ट

बरोबर समजलात. करार संपल्यानंतर आलेल्या गुंतवणुकीला ती १५ वर्षं लागत नाहीत. एक खात्री करून घ्या. आधीच्या मुंबईच्या कंपनीत याच समूहाचे शेअर आधीपासून नव्हते ना, ते बघा, कारण एका पत्रावरून सगळी मालकी कळत नाही. हे तुम्ही शोधत बसू नका, कंपनीलाच लेखी विचारा. तोंडी उत्तर घेऊ नका. पत्र असं काढा:

'दि. ... च्या मासिक सभेत आपण भारत-नेदरलँड्स गुंतवणूक कराराचा उल्लेख केला. आपली गुंतवणूक कोणत्या तारखेची आहे, कराराचे कोणते कलम लागू होते व ते करआकारणीस कसे लागू होते, हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी कळवावे. आपले उत्तर आकारणीच्या सुनावणीत विचारात घेतले जाईल.'

पोच घ्यायला विसरू नका.

पठारावरची सदस्य

काल सभा झाली. ते २०१९चं पत्र मी झेरॉक्स काढून सगळ्या सदस्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि दोन्ही तारखा फळ्यावर लिहिल्या. नानांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाले, "म्हणजे हे घर घ्यायच्या आधीच त्याचा विमा संपला होता." मला वाटतं आमच्यापैकी कुणीही यापेक्षा नीट सांगितलं नसतं.

पठारावरच्या सगळ्याच पवनचक्क्यांची, मालक देशी असो की परदेशी, एकाच दराने पुढच्या आर्थिक वर्षापासून आकारणी करायची, असा ठराव झाला. हरकतींसाठी ३० दिवस ठेवलेत. रस्त्याचं वेगळं पत्र काढलंय, ट्रेलर आले तेव्हाचे फोटो आणि डोलीचा फोटो जोडून. साहेब आले होते. कराराबद्दल काही बोलले नाहीत, 'मुख्य कार्यालयाला कळवतो' म्हणाले. चहा घेऊन गेले. वकीलदादांनी दिलेल्या मजकुराचं पत्र त्यांच्या हातात दिलं आणि पोच घेतली.

एमआयडीसीवाल्या दादांना सांगते, कंपनी जावी असं आम्हाला वाटत नाही. गावातली सहा पोरं तिथे रखवालीला आहेत, माझा पुतण्या त्यातलाच. पवनचक्क्या फिरू देत. रस्ता तेवढा धड हवा.

पोफळीच्या काकांचा नमस्कार नानांना पोचवला. नाना म्हणाले, कोयनेचं धरण बांधलं तेव्हा त्यांच्या आईचं माहेर पाण्याखाली गेलं. काका, तुम्ही कधी वर आलात तर घरी या, ते तुमच्याशी बोलायला उत्सुक आहेत.

कंपनीचं लेखी उत्तर आलं की इथेच टाकते.